निदान आधी, पाना नंतर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. शाळेच्या समारंभात शिक्षकाने शिस्तीवर बोलावे, परीक्षेवर बोलावे, वाचनाच्या गोडीवर बोलावे. मोटारगाडीचा सेल्फ कसा शोधावा आणि कसा बदलावा, हा काय विषय झाला? त्यातून मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. तरीही हा विषय मी स्वतः मागून घेतला. त्याचे कारण समोर टेबलावर ठेवले आहे. वर्तमानपत्रावर ठेवलेली ही काळी, तेलकट वस्तू म्हणजे एका गाडीचा सेल्फ, म्हणजेच स्टार्टर मोटार, आणि तिच्या पाठीवर बसलेला हा लहान नळकांड्यासारखा भाग म्हणजे तिचा सोलेनॉइड. हा सेल्फ आमच्या घरचा आहे. त्याची हकीकत आधी सांगतो.

२००६ सालचा जून महिना. मी नुकताच दहावी उत्तीर्ण झालो होतो. अब्बा वडाप गाडी चालवीत. ऐन पावसाच्या तोंडावर गाडीने दगा दिला. किल्ली फिरवली की एकदाच 'टक' असा आवाज होई आणि पुढे सारे शांत. एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, "सेल्फ गेला. सोलेनॉइडसकट नवा टाका." माझ्या अकरावीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले पैसे अब्बांनी मोजून दिले. नवा सेल्फ बसला. तीन दिवस गाडी चालली. चौथ्या दिवशी स्टँडवर, प्रवासी बसलेले असताना, पुन्हा तोच 'टक'.

मग अब्बांनी गाडी एका वृद्ध उस्तादांकडे ढकलत नेली. मी मागून धक्का देत होतो. उस्तादांनी पाना हातात घेतला नाही. त्यांनी विचारले, "सेल्फ मारताना दिवे मंद होतात का?" अब्बा म्हणाले, "नाही, तसेच राहतात." उस्तादांनी एक जाड केबल घेतली, तिचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला धरले आणि अब्बांना किल्ली फिरवायला सांगितली. गाडी पहिल्याच फेऱ्यात सुरू झाली. दोष सेल्फचा नव्हताच. इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने गंजली होती. पहिल्या दुरुस्तीत ती थोडी हलली, म्हणून तीन दिवस गाडी चालली. उस्तादांनी पट्टीची दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला आणि चहापुरते पैसे घेतले. माझा प्रवेश मात्र अम्मीची एक बांगडी विकल्यावरच झाला. काढून टाकलेला जुना सेल्फ अब्बांनी पोत्यात घालून घरी आणला होता. पुढे उस्तादांनी तो बॅटरीवर लावून पाहिला. तो उत्तम चालत होता. तोच हा सेल्फ.

मित्रांनो, त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकलो. दोष कोठे आहे हे कळल्याशिवाय वस्तू बदलू नये. हीच गोष्ट आज या सेल्फच्या आधाराने आपल्यापुढे मांडावयाची आहे.

हे यंत्र करते काय?

पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन आपणहून सुरू होत नाही. त्याला आधी कोणीतरी फिरवावे लागते. जुन्या काळी हे काम पुढे हँडल घालून हाताने करीत. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडण्याची भीती असे. या त्रासातून सुटका केली ती अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंग यांनी. हे गृहस्थ तरुणपणी ओहायो प्रांतातील खेड्यातल्या शाळेत शिक्षक होते, हे मला विशेष वाटते. पुढे ते इंजिनिअर झाले. दुकानातील पैसे मोजण्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवताना त्यांना उमगले की, ज्या मोटारीला क्षणभरच काम करावयाचे आहे, ती लहान असूनही त्या क्षणापुरता पुष्कळ भार उचलू शकते. तोच विचार त्यांनी गाडीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा स्टार्टर आला.

दहावीच्या विद्यार्थ्यांनो, तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ आहे. त्यात नालकुंतल आहे, विद्युत मोटार आहे, फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आहे. तो सारा पाठ या टेबलावर आहे. नालकुंतल म्हणजेच सोलेनॉइड. त्यातून विद्युतधारा गेली की तो चुंबक होतो आणि आतील लोखंडी दांडा खेचून घेतो. हा दांडा दोन कामे करतो. एका टोकाने तो तरफेच्या साहाय्याने मोटारीचे छोटे दातेरी चाक पुढे ढकलतो, ते फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकते. दुसऱ्या टोकाने तो दोन जाड तांब्याच्या खिळ्यांना जोडतो आणि बॅटरीची धारा मोटारीत सोडतो. आधी दाते अडकणार, मग मोटार फिरणार, असा हा क्रम आहे. इंजिन सुरू झाल्यावर त्याच्या वेगाने मोटार भिरभिरून फुटू नये म्हणून छोट्या चाकाला एकाच दिशेने जोर देणारा क्लच असतो. गॅरेजात त्याला बेंडिक्स म्हणतात. व्हिन्सेंट बेंडिक्स या संशोधकाच्या नावावरून जुन्या पद्धतीच्या रचनेला हे नाव पडले आणि पुढे रचना बदलली तरी नाव राहिले.

आता थोडे गणित. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना साधारण १०० ते २०० अँपिअर धारा घेतो, डिझेलचा याहून अधिक. १५० अँपिअर आणि १० व्होल्ट धरले तर १५०० वॉट होतात, म्हणजे ७५ वॉटचे २० पंखे एकाच वेळी चालावेत इतकी शक्ती. म्हणूनच सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिट-दोन मिनिटे विश्रांती द्यावी. आता गंजलेल्या पट्टीचा विचार करा. तिच्या जोडावर केवळ ०.०२ ओहम रोध वाढला, तर ओहमच्या नियमाने १५० गुणिले ०.०२, म्हणजे ३ व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. बाराचा चौथा हिस्सा वाटेतच गेला. अम्मीची बांगडी या ०.०२ ओहमने नेली, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.

शोधावयाचा कोठे?

सेल्फ शोधण्याची एक खूण कायम ध्यानात ठेवावी. त्याला फ्लायव्हील फिरवावयाचे असते, म्हणून जेथे इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना भिडतात, त्या सांध्याजवळच तो असतो. दुसरी खूण अशी की, बॅटरीच्या धन खांबापासून निघालेली जाड केबल बोटाने धरून पुढे पुढे जावे. ती आपल्याला सोलेनॉइडपर्यंत नेऊन सोडते. काही गाड्यांत तो वरूनच दिसतो, काहींत खालून वाकून पाहावा लागतो. अपवादही आहेत. १९५९ साली निघालेल्या मूळ ब्रिटिश मिनीमध्ये सोलेनॉइड सेल्फवर नसून वेगळा बसवलेला होता. आखाती देशांत गेलेल्या आपल्या बांधवांना ठाऊक असलेल्या लेक्सस एलएस ४०० या आठ सिलिंडरच्या गाडीत सेल्फ दोन्ही रांगांच्या मधोमध, हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या खाली असतो. तेव्हा त्या त्या गाडीचे माहितीपुस्तक पाहावे, हे उत्तम.

सोलेनॉइडवर सहसा तीन जागा दिसतील. एका जाड खिळ्याला बॅटरीची केबल येते, अनेक सेल्फवर तेथे ३० हा अंक असतो. बारीक वायरीच्या जागेला ५० हा अंक असतो, किल्ली फिरवल्यावर हुकूम तेथे येतो. तिसऱ्या जाड खिळ्यावरून धारा मोटारीत उतरते.

निदान

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. किल्ली फिरवल्यावर कान देऊन ऐकावे.

'टकटकटकटक' असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचे खांब सैल असतात. सोलेनॉइड जोडतो, मोटार धारा ओढते, व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो आणि पुन्हा तेच चक्र. बॅटरी मल्टिमीटरने मोजावी. विश्रांत असताना सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरताना ती साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

एकच 'टक' आला आणि दिवे तसेच तेजस्वी राहिले, तर मोटारीत पुरेशी धारा पोहोचत नाही. मग सोलेनॉइडमधले तांब्याचे खिळे जळालेले असतील, मोटारीचे कार्बन झिजले असतील, किंवा आमच्यासारखी केबल अथवा अर्थिंग खराब असेल. एकच 'टक' आणि दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरी अशक्त आहे किंवा मोटार अथवा इंजिन अडकले आहे.

काहीच आवाज नसेल तर ५० क्रमांकाच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावून दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगावी. दिवा लागला तर हुकूम पोहोचतो आहे, दोष पुढे सोलेनॉइडमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. दिवा लागला नाही तर दोष मागे, म्हणजे किल्लीच्या स्विचमध्ये, फ्यूजमध्ये, रिलेमध्ये किंवा क्लच-गिअरच्या सुरक्षा स्विचमध्ये. नव्या गाड्यांत किल्लीची चोरीविरोधी यंत्रणाही सेल्फ अडवते. अशा वेळी नवा सेल्फ बसवून काही उपयोग नाही.

मोटार नुसती भिरभिरली आणि इंजिन फिरले नाही, तर बेंडिक्स घसरतो आहे किंवा पुढे येत नाही. करकर आवाज आला तर दाते झिजले आहेत. आणि इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर किल्ली बंद करून बॅटरीची ऋण केबल ताबडतोब काढावी.

उस्तादांची परीक्षा मल्टिमीटरने अधिक नीट करता येते. सेल्फ मारताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला व दुसरे सेल्फच्या उघड्या धातूला लावावे. ०.३ व्होल्टहून बरेच अधिक दिसले तर अर्थिंग साफ करावे. तसेच बॅटरीचा धन खांब आणि सोलेनॉइडचा ३० क्रमांकाचा खिळा यांच्यात पाहावे. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर केबल किंवा तिचे जोड खराब. शेवटी सोलेनॉइडच्या दोन्ही जाड खिळ्यांमध्ये पाहावे. सेल्फ मारतानाही तेथे व्होल्टेज मोठे राहिले तर आतले खिळे जळाले आहेत. पाच मिनिटांचे हे काम आहे.

येथे एक कळकळीची सूचना. सोलेनॉइडच्या खिळ्यांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून गाडी सुरू करणारे पुष्कळ भेटतात. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती त्याच क्षणी पुढे झेप घेते आणि समोर किंवा खाली असलेला माणूस चिरडला जातो. हा खेळ कोणीही करू नये.

बदलावयाचा कसा?

सेल्फचाच दोष ठरला तर पुढील क्रम पाळावा. गाडी सपाट जागी उभी करावी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी, किल्ली खिशात आणि इंजिन थंड. मग बॅटरीची ऋण केबल प्रथम काढून बाजूला बांधावी. ऋणच प्रथम का? कारण गाडीची सारी बॉडी ऋण आहे. धन खांब सोडवताना पान्याचे दुसरे टोक बॉडीला लागले तर प्रचंड ठिणगी उडते. ऋण सोडवताना लागले तर काही होत नाही. हातातील अंगठी, घड्याळ काढावे. बॅटरीतून ज्वलनशील वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको.

खाली जावे लागले तर नुसत्या जॅकवर विसंबून कधीही जाऊ नये. विटा किंवा दगड तर नाहीच. लोखंडी घोडी लावून, गाडी हलवून पाहून मगच खाली जावे.

वायरी सोडवण्यापूर्वी मोबाइलने छायाचित्र घ्यावे. ३० क्रमांकाची केबल व ५० ची वायर सोडवावी. मग सेल्फचे दोन किंवा तीन बोल्ट गोटी पान्याने काढावेत. शेवटचा बोल्ट काढताना एका हाताने सेल्फला आधार द्यावा. तो तीन-पाच किलो, डिझेलचा आणखी जड असतो, तोंडावर पडू देऊ नये. बोल्टाखाली पातळ पत्र्या निघाल्या तर त्या तशाच परत घालावयाच्या.

सेल्फ निघाल्यावर त्या भोकातून फ्लायव्हीलचे दाते पाहावेत. पान्याने पुलीवरून इंजिन हळूहळू फिरवून पूर्ण कडे तपासावे. चार सिलिंडरचे इंजिन बहुधा ठरावीक दोन जागीच थांबते, म्हणून दाते त्याच दोन जागी जास्त झिजतात. ते मोडलेले असतील तर नवा सेल्फही टिकणार नाही.

नवा सेल्फ जुन्याच्या शेजारी ठेवून बोल्टाची भोके, छोट्या चाकाचे दाते आणि वायरींच्या जागा जुळतात का ते पाहावे. नुसता सोलेनॉइडच खराब असेल तर तेवढाच बदलावा. मोटारीकडे जाणारी पट्टी सोडवून दोन-तीन स्क्रू काढले की तो सुटतो, दांडा तरफेतून अलगद काढावा व नवा तसाच अडकवावा. कार्बन झिजले असतील तर कार्बन बदलावेत. काही जपानी सेल्फांत आतले तांब्याचे खिळेही वेगळे मिळतात. थोड्या पैशांत होणाऱ्या कामासाठी सबंध सेल्फ टाकून देऊ नये.

बसवताना इंजिन व सेल्फ यांचे टेकणारे पृष्ठभाग घासून स्वच्छ करावेत, कारण सेल्फची ऋण वाट तीच आहे. बोल्ट प्रथम हाताने चढवावेत, मग माहितीपुस्तकात दिलेल्या जोराने आवळावेत. तांब्याच्या खिळ्यावरील नट घट्ट असावा, पण अति जोराने आवळल्यास खिळा आतून फिरतो व सोलेनॉइड निकामी होतो. रबराची टोपी चढवावी. ऋण केबल सर्वांत शेवटी. गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून किल्ली फिरवावी.

हायब्रीड गाड्यांत आणि सिग्नलवर आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत मात्र रचना वेगळी, कधी उच्च दाबाची असते. त्यांना घरी हात लावू नये.

शेवटचे दोन शब्द

पालकहो, आपल्यात एक समज आहे. मुलाला अभ्यास जमत नाही, तर त्याला शाळेतून काढून गॅरेजात घाला. दुसऱ्या बाजूला असेही पालक आहेत, ज्यांना मुलाच्या हाताला ग्रीस लागलेले पाहून लाज वाटते. मला हे दोन्ही पटत नाही. बॉनेट न उघडता निकाल देणाऱ्याच्या हातात पाना होता, पण त्याने तपासले नाही. आमचे उस्ताद चौथीपर्यंतच शिकले होते, पण प्रश्न विचारणे, एकेक शक्यता वगळणे आणि शेवटी निर्णय घेणे ही शिकलेल्या माणसाची रीत त्यांच्याजवळ होती. मीच एकदा त्यांना म्हणालो, "उस्ताद, तुम्हाला शिक्षणाची काय गरज होती?" ते म्हणाले, "बेटा, मीटरचे पुस्तक मला वाचता येत नाही. तू वाचून दाखव." ते पुस्तक आम्ही दोघांनी सुटीत मिळून वाचले. मी वाचायचो, ते समजावून सांगायचे.

तेव्हा माझी विनंती एवढीच. गॅरेजात जाणाऱ्या मुलाला निदान दहावीचा तो विजेचा पाठ पुरा करू द्या, आणि पाठ शिकणाऱ्या मुलाला एकदा तरी बॉनेटखाली डोकावू द्या. आणि कोणी तुम्हाला 'सेल्फ गेला' असे सांगितले, तर पैसे काढण्यापूर्वी शांतपणे विचारा, "कशावरून?"

समारंभानंतर हा सेल्फ विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवण्यात येईल. मुख्याध्यापकांनी तशी परवानगी दिली आहे. अम्मी आज सभागृहात बसल्या आहेत. त्यांच्या बांगडीची किंमत यापुढे दरवर्षी दहावीच्या वर्गाला उपयोगी पडेल, याचे मला समाधान आहे.